केसबुक भरलं, पण हात कधी बसणार?

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करत होते तेव्हा आमची बॅच चाळीस मुलींची, आणि मिडवाइफरीच्या, म्हणजे बाळंतपणाच्या कामाच्या, पोस्टिंगला आम्हाला ज्या हॉस्पिटलात पाठवायचे तिथे आमच्याशिवाय आणखी दोन कॉलेजच्या मुली यायच्या, वर इंटर्न डॉक्टर. त्यातला एक दिवस अजून डोळ्यासमोर आहे. टेबलावर एक पहिलटकरीण कळा सोसतीये, तिच्या पायाशी आम्ही अकरा जणी उभ्या, मी मागच्या ओळीत, मला बाळाचं डोकं दिसलंच नाही, नुसतं रडणं ऐकू आलं. त्या संध्याकाळी माझ्या केसबुकात, म्हणजे केलेल्या कामाच्या वहीत, 'नॉर्मल डिलिव्हरी, कंडक्टेड' (म्हणजे मी स्वतः केलेली) म्हणून एक केस वाढली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर सही पण झाली. असं करत करत केसबुक पूर्ण भरलं. कोर्स संपला तेव्हा माझ्या स्वतःच्या हातावर खरोखर झालेली बाळंतपणं होती चार.

त्या बाईला, आम्ही एवढ्या जणी बघायला उभ्या राहिलो तर चालेल का, हे कोणीच विचारलं नव्हतं. आम्हाला पण ते विचारायचं असतं हे कोणी शिकवलं नाही.

आपल्याकडे कोर्स पास झाला की नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते, नावापुढे आरएन आरएम लागतं, रजिस्टर्ड नर्स आणि रजिस्टर्ड मिडवाइफ, दोन्ही एकदमच. म्हणजे चार बाळंतपणांवर मी कायद्याने मिडवाइफ झाले. पहिली नोकरी लागली ग्रामीण रुग्णालयात आणि दुसऱ्याच आठवड्यात नाइट. तिथे एक सीनियर सिस्टर होत्या, रिटायरमेंटला आलेल्या, त्यांनी माझी अवस्था दोन मिनिटांत ओळखली. काही बोलल्या नाहीत. बाळाचं डोकं दिसायला लागलं तसा त्यांनी माझा हात धरून डोक्यावर ठेवला, वर स्वतःचा हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "दाबू नको गं, नुसता आधार दे, येऊ दे त्याला सावकाश." मग त्या बाईला म्हणाल्या, आता जोर नको लावू ताई, फुंकर मार, दिवा विझवल्यासारखी. डोकं इतकं अलगद बाहेर आलं की एक टाका लागला नाही. तीन वर्षांत मला जे कोणी दाखवलं नाही ते त्या दहा मिनिटांत तळहाताला कळलं. आमच्याकडे याला हात बसणं म्हणतात. पोळी लाटताना बसतो तसाच, कोणीतरी शेजारी उभं राहून, चुकलं की तिथल्या तिथे सांगून, परत परत करून घेतल्यावर बसणारा.

हे सगळं सांगण्याचं कारण, मिडवाइफरी शिक्षणाच्या दर्जाची चर्चा निघाली की आपण लगेच कॉलेज किती, सीट किती, सिलॅबस कोणता, इमारत किती स्क्वेअर फूट यात शिरतो. मला गेली बरीच वर्षं वाटतं की दर्जा मोजायच्या गोष्टी खरं तर दोनच आहेत, विद्यार्थिनीच्या हातावर खरी बाळंतपणं किती झाली, आणि ती होताना शेजारी उभी असलेली शिक्षिका स्वतः बाळंतपणं करते का. बाकी सगळं यानंतर.

जगाने निदान कागदावर हे मान्य केलेलं आहे. इंटरनॅशनल कॉन्फेडरेशन ऑफ मिडवाइव्ह्ज, म्हणजे आयसीएम, ही जगभरच्या मिडवाइफ संघटनांची संघटना. त्यांनी २०१० साली मिडवाइफरी शिक्षणाचे जागतिक निकष ठरवले आणि २०२१ मध्ये ते सुधारले. बारावीनंतर थेट मिडवाइफ व्हायचं असेल तर किमान तीन वर्षं, आधी नर्सिंग झालेलं असेल तर किमान १८ महिने, आणि एकूण शिक्षणातला निम्मा तरी भाग प्रत्यक्ष कामाचा. युरोपियन युनियनने तर आकडाच कायद्यात घातलाय, विद्यार्थिनीने स्वतः किमान ४० बाळंतपणं करायची, तेवढ्या बाया मिळाल्याच नाहीत तर ३० पर्यंत सूट, पण मग आणखी २० बाळंतपणांत मदतनीस म्हणून उभं राहायचं, शिवाय गरोदर बायांच्या १०० तपासण्या वेगळ्या.

आता हा ४० चा आकडा घेऊन आपल्याकडचं साधं गणित करून बघा. चाळीस मुलींची एक बॅच, प्रत्येकीला ४० बाळंतपणं, झाली १६००. समजा कॉलेजने ज्या हॉस्पिटलशी करार केलाय तिथे महिन्याला शंभर नॉर्मल डिलिव्हऱ्या होतात, वर्षाला बाराशे. त्याच बाराशेत तीन कॉलेजं, इंटर्न आणि एएनएमच्या, म्हणजे गावपातळीवरच्या नर्सच्या कोर्सच्या, मुली वाटेकरी. गणित बसतच नाही, कसंही मांडा. मग ते कुठे बसतं, तर केसबुकात बसतं. एकाच बाळंतपणाची नोंद आठ केसबुकांत जाते. मुली खोटारड्या असतात असं अजिबात नाही, केसबुक अपुरं असेल तर परीक्षेला बसता येत नाही आणि घरच्यांनी कर्ज काढून फी भरलेली असते, त्या बिचाऱ्या करणार काय.

यावर नेहमी एक उत्तर येतं की अहो आधी संख्या तर भरू दे, दर्जाचं नंतर बघू, आणि ते उत्तर वाईट हेतूने दिलेलं नसतं. जगात मिडवाइफची चणचण भयंकर आहे, २०२१ च्या जागतिक अहवालात हा तुटवडा ९ लाखांचा धरलाय. त्याच सुमाराच्या एका मोठ्या अभ्यासात असं निघालं होतं की मिडवाइफ करू शकते ती सगळी सेवा २०३५ पर्यंत गरीब आणि मध्यम देशांतल्या सगळ्या बायांपर्यंत पोचली तर आया, नवजात बाळं आणि पोटातच दगावणारी बाळं मिळून वर्षाला ४३ लाख जीव वाचतील. असे आकडे समोर आले की कुठल्याही सरकारला वाटणारच, काढा भराभर बॅचेस. पण त्या अंदाजातली मिडवाइफ नीट शिकलेली धरलेली आहे, अर्धवट शिकलेली नाही.

इंडोनेशियाने हे करून बघितलंय. १९८९ मध्ये त्यांनी गावोगाव एक मिडवाइफ अशी योजना आणली, 'बिदान दी देसा', आणि सात-आठ वर्षांत पन्नास हजारांवर मुली तयार करून गावांत पाठवल्या. बहुतेक जणी नर्सिंग झालेल्या आणि वर एक वर्षाचा मिडवाइफरीचा कोर्स. एवढ्या मोठ्या देशात एवढ्या झपाट्याने हे करणं सोपं नव्हतं आणि त्यामुळे गरीब बायांना कोणीतरी शिकलेलं माणूस मिळालं हेही खरंच. पण बऱ्याच जणींच्या हातावर शिक्षणात मोजकीच बाळंतपणं झाली होती, वयाने लहान, गावात एकट्या, विचारायला सीनियर नाही, आणि लहान गावात वर्षाला बाळंतपणंच इतकी कमी की नंतर हात बसायला संधी नाही. गावातल्या बाया मग त्यांच्याकडे न जाता जुन्या दाईकडेच जात राहिल्या, आणि त्यात त्या बायांची काहीच चूक नाही, ज्या हातावर भरवसा वाटतो तिकडेच माणूस जातं. पुढे तिथे कोर्स तीन वर्षांचा झाला पण तोवर शेकड्यांनी खासगी अकादम्या उघडल्या आणि बाळंतपणांपेक्षा विद्यार्थिनी जास्त हाच प्रश्न परत उभा राहिला. मला हे वाचताना आपल्याच एखाद्या जिल्ह्याचं वाचतेय असं झालं.

याच्या उलट अफगाणिस्तान. युद्धाने पार मोडलेला देश. २००२ च्या सुमाराला बदख्शान प्रांतातल्या राघ नावाच्या डोंगरी भागात लाख जन्मांमागे साडेसहा हजार आया मरत होत्या, जगात कुठेही नोंदवलेल्या सगळ्यात वाईट आकड्यांपैकी हा एक. अख्ख्या देशात मिडवाइफ पाचशेच्या आत. तिथे त्यांनी काय केलं तर ज्या तालुक्यात मिडवाइफ हवी तिथलीच मुलगी निवडायची, तिच्या घरच्यांशी आणि गावातल्या वडीलधाऱ्यांशी बोलून घ्यायचं, दीड-दोन वर्षं शिकवायचं आणि परत त्याच गावी पाठवायचं. आणि शाळांना मान्यता द्यायला स्वतंत्र मंडळ नेमलं जे शाळेत जाऊन बघायचं की मुलींना खरंच शिकायला मिळतंय का. एवढ्या गरीब देशात हे होऊ शकलं, दहा वर्षांत मिडवाइफ काही पटींनी वाढल्या. आणि डिसेंबर २०२४ मध्ये तालिबानने मुलींना नर्सिंग आणि मिडवाइफरी शिकायलाच बंदी घातली. तिथे बऱ्याच ठिकाणी बाईला पुरुष डॉक्टरकडे जाऊ देत नाहीत आणि आता बाई शिकणारही नाही. ही बातमी वाचली त्या दिवशी मला ड्यूटीवर काही सुचत नव्हतं.

बांगलादेशने २०१३ पासून तीन वर्षांचा वेगळा मिडवाइफरी डिप्लोमा सुरू केला, नर्सिंगमधून नाही तर थेट मिडवाइफ. पण जिथे हा व्यवसायच नव्हता तिथे पहिल्या बॅचेसना शिकवणार कोण? शिकवायला नर्सिंगच्याच बायका, ज्यांनी स्वतः मिडवाइफ म्हणून कधी काम केलेलं नव्हतं. त्यांना पुढे शिकवून तयार करत करतच ते चाललंय.

आणि इथे मी माझ्या मूळ मुद्द्यावर येते, शिक्षिकांच्या. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आपल्या कॉलेजांत मिडवाइफरी शिकवणाऱ्या कितीतरी मॅडम अशा आहेत की ज्यांनी बीएस्सी केलं, लगेच एमएस्सी केलं आणि शिकवायला लागल्या, मधे लेबर रूममध्ये सलग काम असं केलंच नाही. त्यांना मी दोष देत नाही, व्यवस्थाच अशी आहे. हॉस्पिटलची सिस्टर वेगळी आणि कॉलेजची ट्यूटर वेगळी, दोघींचा पगार वेगळा, साहेब वेगळे, एकमेकींच्या जागेत पाय टाकायचा नाही असा अलिखित नियम. ट्यूटर लेबर रूममध्ये येते ती मुलींची हजेरी घ्यायला. आणि ज्या सिस्टरच्या हातात पंचवीस वर्षांची विद्या आहे तिला शिकवायचा वेळ नाही, तिला त्याचे पैसे नाहीत, आणि तिला कोणी मॅडम म्हणत नाही. त्यातून ती खूपच चांगली असेल तर तिचं प्रमोशन होतं आणि प्रमोशन झालं की ती ऑफिसात जाऊन बसते, ड्यूटी लावते, लिनन मोजते. म्हणजे हात बसलेली बाई बाळंतिणीपासून लांब, आणि हात न बसलेली मुलीजवळ उभी.

आयसीएमच्या निकषांत स्पष्ट आहे की मिडवाइफरी मिडवाइफनेच शिकवायची, तिने आधी दोनेक वर्षं पूर्ण काम केलेलं हवं आणि शिकवतानाही काम सुटता कामा नये. न्यूझीलंडमध्ये १९९० च्या कायद्याने मिडवाइफला स्वतःच्या जबाबदारीवर बाळंतपण करायचा हक्क मिळाला आणि शिक्षण त्या हक्काला शोभेल असं उभं केलं गेलं. तिथली विद्यार्थिनी एखाद्या मिडवाइफबरोबर फिरते, तीच गरोदर बाई आधी तपासणीला, मग रात्री अपरात्री बाळंतपणाला, मग घरी बाळ बघायला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच बाई. आपली विद्यार्थिनी सकाळी आठ ते दोन ड्यूटी करते आणि कळा दोनलाच थांबत नाहीत ना, तिने सकाळपासून जिचा हात धरला ती बाई संध्याकाळी सहाला बाळंत होते तेव्हा हिची बस निघून गेलेली असते.

आता कोणी म्हणेल की खरी बाळंतपणं कमी पडतात तर मॅनेकिन, म्हणजे सरावाच्या बाहुल्या, आहेत की, सिम्युलेशन लॅब आहेत. आहेत, आणि हव्यातच. ही कल्पना काही आजची नाही. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मादाम द्यु कुद्रे नावाची सुईण होती, १७५९ मध्ये राजाने तिला देशभर फिरून बायांना बाळंतपण शिकवायला नेमलं. तिने कापड आणि चामडं शिवून बाईच्या कमरेखालचा भाग तयार केला होता, त्यात बाळाची कापडी बाहुली, नाळ, वार, सगळं. वाचता न येणाऱ्या खेड्यातल्या बाया त्या बाहुलीवर हात फिरवून शिकायच्या, आडवं आलेलं बाळ कसं वळवायचं हे बोटांनी शोधायच्या. गावोगाव हिंडून तिने हजारो जणींना शिकवलं. तिने केलेली तशी एक बाहुली फ्रान्समधल्या रुआँ शहरातल्या म्युझियममध्ये अजून जपून ठेवलाय. मला या गोष्टीत सगळ्यात आवडतं ते हे की बाहुली घेऊन फिरणारी बाई स्वतः पक्की सुईण होती. मी एका कॉलेजात परीक्षक म्हणून गेले होते तिथे लॅबमध्ये लाखोंचं मॅनेकिन होतं, वरचं प्लास्टिक तसंच. मी विचारलं तर म्हणाले, खराब होईल म्हणून वापरत नाही, इन्स्पेक्शनला लागतं.

शिक्षण असं वरवरचं असलं की चुकीच्या गोष्टी पिढ्यानपिढ्या पुढे जातात. आम्हाला शिकवलं होतं की पहिलटकरीण आहे म्हणजे बाळ यायच्या वाटेवर कट द्यायचाच, नाहीतर फाटतं. आम्ही दिले. जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते की सरसकट कट देऊ नका. आम्हाला शिकवलं की गर्भाशयाचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलं नाही तर कळांचं इंजेक्शन लावा, डॉक्टरांना बोलवा. २०१८ च्या त्यांच्या शिफारशींत आलंय की हा तासाला एक सेंटिमीटरचा हिशोब प्रत्येक बाईला लागू पडत नाही आणि खरा वेग पाच सेंटिमीटरनंतर धरायचा. आम्हाला शिकवलं की बाईला उताणं झोपवायचं, पाय वर बांधायचे, तोंडात पाणीसुद्धा नको, आणि ओरडली तर दरडावायचं. हे शेवटचं पुस्तकात नव्हतं, ते बघून बघून शिकलो. लेबर रूममधली थप्पड आणि शिवीगाळ हाही एक सिलॅबसच आहे, मुलगी पहिल्या आठवड्यात तो शिकते आणि तिच्या शेजारी उभी राहून असं करू नको म्हणणारी शिक्षिका तिथे नसते.

डॉक्टर मंडळींतले काही जण विचारतात की डॉक्टर असताना मिडवाइफ कशाला. मी त्यांच्याबरोबर आयुष्यभर काम केलंय, रात्री दोनला धावत येऊन बाई वाचवणारे सर्जन मी बघितलेत, त्यांच्याशिवाय चालणार नाही. पण साधं सरळ बाळंतपण म्हणजे आठ-दहा-बारा तास शेजारी बसायचं काम, ते सर्जनचं काम नाहीच आणि त्याला तेवढा वेळही नाही. शेजारी बसणारं कोणी नसलं की काय होतं ते २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसतं, देशातल्या खासगी दवाखान्यांत १०० पैकी ४७ बाळंतपणं सिझरने. सगळी विनाकारण होती असं मी म्हणत नाही. पण इतक्या बायांचं पोट कापावं लागतं हे मला माझ्या अनुभवावरून पटत नाही. तेलंगणात हा आकडा सरकारी-खासगी मिळून ६० च्या वर गेला, आणि त्याच राज्याने २०१७ मध्ये हैदराबादच्या फर्नांडिस फाउंडेशनला बरोबर घेऊन करीमनगरला नर्सेससाठी १८ महिन्यांचं मिडवाइफरी ट्रेनिंग सुरू केलं, शिकवायला ब्रिटनमध्ये काम केलेल्या मिडवाइफ आणल्या. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, केंद्राने देशासाठी मिडवाइफरीच्या गाइडलाइन्स काढल्या, नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी असं नवं पद, कोर्स १८ महिन्यांचा म्हणजे आयसीएमच्या मापाचा, आणि आधी शिकवणाऱ्यांना सहा महिने तयार करायचं. ही दिशा मला मनापासून पटते. २०२३ मध्ये १९४७ चा जुना कायदा बदलून नॅशनल नर्सिंग अँड मिडवाइफरी कमिशनचा कायदा झाला, मिडवाइफरी हा शब्द कायद्याच्या नावात आला. शब्द आला, आता मुलींच्या हातावर काय येतं ते बघायचं. कारण आपण एकदा उलटं करून बसलोय, सत्तरच्या दशकात एएनएमला मल्टिपर्पज वर्कर केलं, दोन वर्षांचा कोर्स दीडवर आणला, कुटुंब नियोजनाचं टार्गेट आणि रजिस्टरं तिच्या डोक्यावर दिली आणि बाळंतपण तिच्या हातून निसटत गेलं. कोर्स परत दोन वर्षांचा झाला, निसटलेलं काही परत आलं नाही.

आपल्याकडे चांगलं शिकवता येत नाही असं मात्र कोणी म्हणू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने कमी शिकलेल्या गावातल्या बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली, त्या मिडवाइफ नव्हत्या, आरोग्यदूत होत्या, पण शिकवण्याची पद्धत बघण्यासारखी आहे. थोडं शिकवायचं, करून घ्यायचं, मग त्यांच्या मागे गावात जाऊन परत परत तपासायचं. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले आणि १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं.

मला विचाराल तर उद्यापासून करता येईल अशी एक गोष्ट आहे आणि ती सुरू करायला पैसे लागत नाहीत. केसबुकातल्या प्रत्येक बाळंतपणापुढे लेबर रूमच्या रजिस्टरमधला नंबर लिहायचा, आणि एक नंबर एकाच मुलीच्या केसबुकात, दुसरीच्या नाही. परीक्षकाने दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवून बघायचं. पहिल्या वर्षी अर्ध्या कॉलेजांची केसबुकं अर्धीच भरतील, आरडाओरडा होईल, मुली अडकतील, आणि त्या मुलींना आणखी सहा महिने स्टायपेंड देऊन जिथे खरंच बाळंतपणं होतात तिथे पाठवावं लागेल, हा खर्च कॉलेजने करायचा. आणि सीट मंजूर करताना इमारत बघायच्या आधी त्या हॉस्पिटलचं वर्षाचं रजिस्टर मागायचं.

तोवर तुमच्यापैकी कोणी मुलीची, भाचीची अॅडमिशन घ्यायला नर्सिंग कॉलेजात जात असाल तर फी आणि होस्टेलची चौकशी करून झाली की एवढं विचारा, तुमच्या हॉस्पिटलात गेल्या महिन्यात नॉर्मल डिलिव्हऱ्या किती झाल्या, तिथे एकूण किती मुली पोस्टिंगला होत्या, आणि मिडवाइफरी शिकवणाऱ्या मॅडमनी शेवटचं बाळंतपण कधी केलं. तिसऱ्या प्रश्नाला ऑफिसातले गप्प झाले तर फीचा चेक खिशातच ठेवा आणि दुसरं कॉलेज बघा.